चिंकाऱ्यासाठी काय पेरावं?

पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जायचं आणि मोरगावच्या दिशेला वळायचं. वाटेत सुपे लागतं. इथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा माळावर चिंकारे टिकून आहेत. ते काय खातात हे बघायचं तर सकाळी गाडी बंद करून नुसतं बसावं लागतं.

चिंकारा गाईसारखा एका जागी चरत नाही. गवताचे दोन घास घेतो, पुढे सरकतो, बोरीचं कोवळं पान खुडतो, मग हिवराखाली पडलेल्या शेंगांकडे वळतो. मान खाली गेली की लगेच वर येते. पाणवठ्याची त्याला फारशी गरज नसते, कारण बरंचसं पाणी पानांतून आणि दवातून मिळतं. म्हणूनच त्याच्यासाठी कुरण तयार करताना ‘जास्तीत जास्त चारा कशाचा?’ हा गोठ्याचा हिशेब कामाचा नाही. संकरित नेपियर भरपूर निघतो, पण त्याला पाणी हवं आणि तो पुरुषभर वाढतो. तसल्या गवतात चिंकारा शिरायला धजत नाही. लांडगा लांबून दिसला पाहिजे.

काय पेरायचं ते माळच सांगतो. उथळ, मुरमाड जागी डोंगरी आणि पवन्या ही गवतं. माती थोडी खोल असेल, ओल टिकत असेल तिथे मारवेल. कुसळी पावसाळ्यात कोवळी असते तोवर खाल्ली जाते, पुढे कुसळं धरली की तोंडाला टोचते. ती आपसूक येते, मुद्दाम पेरू नये.

खरं नाजूक काम बियांचं. दिवाळीच्या सुमारास तुरे पिकतात, पण सगळे एकदम नाही. तुऱ्यावरून हात फिरवायचा आणि सुटेल तेवढंच घ्यायचं. ओरबाडलं की कच्चं बी हाती येतं. ताजं बी नीट उगवतही नाही, त्याला काही महिने सुप्तावस्थेत काढावे लागतात. ते कोरड्या जागी ठेवून पावसाळ्याच्या तोंडावर पेरायचं. हे बी हलकं, केसाळ, एकमेकांत गुंतणारं. मूठ उघडली की वाऱ्यावर जातं. म्हणून ते ओलसर माती आणि शेणखतात चोळून उथळ ओरखड्यांत टाकायचं आणि वर मातीचा पातळ थर द्यायचा. खोल गेलेलं बी वाया जातं. मारवेलाचे ठोंब लावले तर ते लवकर जीव धरतात. पहिल्या वर्षी तिथे चराई नको. त्यासाठी धनगरांशी आधीच बोलून घ्यावं; कुंपणापेक्षा तो शब्द जास्त टिकतो असं मला वाटतं.

बोरी, हिवर आहेत तसेच राहू द्यावेत, दाट झाडी मात्र करू नये. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाच्या झाडांखाली एकदा वाकून बघा, गवत किती विरळ आहे ते कळेल. दर जूनमध्ये शहरातून उत्साहाने बीजगोळे घेऊन निघणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: उघडा माळ ओसाड समजून तिथे झाडांचं बी फेकू नका. काही करायचंच असेल, तर त्याच माळावरच्या गवताचं बी वन विभागाला विचारून पेरा.