मृदू ऊतींचा गंभीर संसर्ग

त्वचा, तिच्याखालील मेदाचा थर, स्नायूंवरील आवरण म्हणजेच प्रावरणी आणि स्नायू यांना मृदू ऊती म्हणतात. या ऊतींमध्ये जिवाणू वेगाने पसरून ऊती मृत होऊ लागल्यास रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो. नेक्रोटायझिंग फॅसायटिस आणि गॅस गँगरीन हे अशा संसर्गाचे प्रमुख प्रकार होत.

कारणे

कापणे, खरचटणे, भाजणे, कीटकदंश, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेची जखम यांतून जिवाणू शरीरात शिरतात. काही रुग्णांत प्रवेशाची जागा सापडत नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस हा जिवाणू निरोगी व्यक्तीलाही ग्रासू शकतो. मधुमेही व वृद्ध रुग्णांत अनेक जातींच्या जिवाणूंचा मिश्र संसर्ग अधिक आढळतो. गॅस गँगरीन मुख्यतः क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्समुळे होतो. जिवाणूंच्या विषांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन रक्तपुरवठा थांबतो. त्यामुळे प्रतिजैविके मृत ऊतींपर्यंत पोहोचत नाहीत.

जोखीम घटक

मधुमेह हा महत्त्वाचा जोखीम घटक आहे. त्यात रक्ताभिसरण व पांढऱ्या पेशींचे कार्य मंदावते आणि पायांची संवेदना कमी झाल्याने जखम लक्षात येत नाही. यकृत व मूत्रपिंडाचे जुनाट विकार, कर्करोग, लठ्ठपणा, मद्यपान, तसेच स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांमुळेही धोका वाढतो.

पुराचे पाणी

विहार व पवई तलावांकडून येणारी मिठी नदी मुंबईतील कुर्ल्याच्या सखल वस्त्यांजवळून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुर्ला परिसर पाण्याखाली गेला. अशा पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते व बुडालेल्या वस्तूंनी पायाला इजा होते. गोड्या पाण्यात एरोमोनास, तर खाडीच्या मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हे जिवाणू असू शकतात. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी दिले जाणारे औषध जखमेच्या स्वच्छतेला पर्याय ठरत नाही. जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

लक्षणे व उपचार

जखम लहान दिसत असूनही असह्य वेदना होणे, हे सुरुवातीचे महत्त्वाचे लक्षण होय. मधुमेहींमध्ये मात्र वेदना कमी जाणवू शकतात. पुढे झपाट्याने पसरणारी सूज, ताप, जांभळट त्वचा, फोड व बधिरता दिसून येते. मृत ऊती शस्त्रक्रियेने तातडीने काढणे आणि शिरेतून प्रतिजैविके देणे हा मुख्य उपचार आहे. शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास अवयव गमावण्याची व मृत्यूची शक्यता वाढते.