थेंबांचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने थेंबांवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. बचतीचे महत्त्व सांगताना 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्याला शाळेत शिकवली. आपल्या कन्नड मित्रांचीही 'हनि हनि कूडिदरे हळ्ळ' अशीच म्हण आहे. शास्त्रज्ञांनी मात्र उलटी वाट धरली आहे. ते तळ्याचे थेंब करतात!

हे काम काचेच्या किंवा रबरासारख्या सिलिकोनच्या छोट्या तुकड्यावर चालते. त्यात केसाएवढ्या रुंदीच्या वाटा कोरलेल्या असतात. पहिली रीत इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या जोडाची. सरळ वाटेने तेल वाहते, बाजूच्या वाटेने पाणी येते. पाण्याचे टोक पुढे सरकून तेलाला अडवते. मागे तेलाचा दाब वाढतो, पाण्याची मान आवळली जाते आणि थेंब तुटतो. लगेच दुसरा तयार! कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ही रीत २००१ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्या रीतीत मधून पाणी व दोन्ही बाजूंनी तेल येऊन सारे एका अरुंद तोंडातून जाते. तेथे पाण्याची धार बारीक होऊन तुटते. दोन्ही प्रवाहांचा वेग स्थिर ठेवला की थेंब एकसारखे पडतात. तेलात साबणाच्या जातीचे द्रव्य घालतात, म्हणून ते पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? मोजणीसाठी. रक्तातून काढलेल्या डीएनएच्या २० मायक्रोलिटर द्रावणाचे सुमारे २०,००० थेंब करतात. हवा तो रेणू ज्या थेंबात असेल तो प्रक्रियेनंतर चमकतो. समजा, १०,००० थेंब चमकले. मग रेणूही तितकेच का? नाही. काही थेंबांत दोन-तीन रेणू असतात. येथे आमच्या सांख्यिकीच्या पुस्तकातील प्वासाँचे वितरण कामी येते आणि उत्तर निघते सुमारे १३,८६०. कर्करोगाच्या खुणा रक्तात शोधण्यासाठी ही रीत वापरतात.

पण थेंब सारखे नसतील तर हे गणित चुकते. एका दिवाळीत आमच्या दुकानात साखरेच्या पुड्या मी घाईघाईने बांधल्या. रात्री पुड्यांची संख्या बरोबर, पण साखरेचा हिशेब जुळेना. बाबांनी उरलेल्या सगळ्या पुड्या सोडून मला पुन्हा तोलायला लावल्या. रुग्णाच्या रक्ताचे थेंब असे सोडून पुन्हा तोलता येत नाहीत. ते पहिल्याच खेपेला सारखे पडावे लागतात.