ग्रहण वाटेवर, यंत्र बारामतीत

२६ डिसेंबर २०१९च्या सकाळी बारामतीत सूर्य बराचसा झाकला, पण कंकण काही दिसलं नाही. ते दिसलं कोइमतूरच्या बाजूला. रेडिओवर ग्रहण टिपणाऱ्या हौशी माणसाला हेच सोयीचं. ग्रहण त्याच्या डोक्यावर नसलं तरी चालतं, लहरींच्या वाटेवर मात्र हवं.

तिरुनेलवेली भागात विजयनारायणम इथे नौदलाचं केंद्र आहे, आयएनएस कट्टबोम्मन. तिथून पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर संदेश जातात. बारामती-इंदापूरपासून ते सुमारे ११०० किलोमीटर, आणि नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती कोइमतूरजवळूनच जाते. एवढी लांब लहर जमीन आणि आयनांबर यांच्या मधून सरकत येते. दिवसा हे छत साधारण ७० किलोमीटरवर असतं, ऊन गेलं की वर चढतं. ग्रहणाची सावली वाटेवर पडली की ते भर दिवसा थोडं उचललं जातं आणि इकडे संदेशाची ताकद व कला बदलते. २२ जुलै २००९च्या खग्रास ग्रहणात कोलकात्याच्या इंडियन सेंटर फॉर स्पेस फिजिक्सने याच केंद्राचा संदेश ठिकठिकाणी नोंदवला होता.

सामान फारसं लागत नाही. मीटरभर बाजूची लाकडी चौकट, तिच्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे पन्नासेक वेढे, एक छोटा प्रवर्धक आणि लॅपटॉप. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते. साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० नमुने घेत असेल तर १८.२ किलोहर्ट्झ त्यात आरामात बसतं, वेगळा रिसीव्हर घ्यायची गरज नाही. चौकटीची कड दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला वळवायची. लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसशी जुळवलेलं असावं, नाहीतर नोंद सावलीच्या वेळेशी ताडून बघता येत नाही.

खरी डोकेदुखी गोंगाटाची. नीरा डाव्या कालव्याखालचा हा ऊसपट्टा. विहिरीवर मोटार, मोटारीला स्टार्टर, वर तारांचं जाळं. शेतीच्या लाइटीची पाळी आली की पडद्यावर आडव्या रेषांची झुंबड उडते. एलईडी दिवे आणि सोलरचे इन्व्हर्टर त्यात भर घालतात. लॅपटॉपचा चार्जर तर घरचाच भेदी. म्हणून सगळं बॅटरीवर चालवायचं, प्रवर्धकाला ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी पुरते. जागा भिगवणकडे, उजनीच्या फुगवट्याच्या काठी, तारांपासून लांब शोधावी. तरीही एखादी मोटार छळतच असेल, तर चौकट थोडी फिरवून पाहायची. तिची सपाट बाजू मोटारीकडे आली की तो आवाज बराच दबतो. मूळ संदेश थोडा घटला तरी सौदा फायद्याचा.

यंत्राला ग्रहणाचे वेध मात्र काही आठवडे आधीच लागायला हवेत. रोज नोंद करायची. पहाटे आणि सांजेला आलेख ठरावीक वळण घेतो. ते वळण दिसेना तर जोडणीत काहीतरी चुकलंय. सौरज्वाळेनेही आलेख उडी घेतो. साध्या दिवसांच्या नोंदी हाताशी नसतील तर ग्रहणाच्या नोंदीतलं ग्रहण कुठलं, हे कशावरून ठरवणार?

पुढची चांगली संधी २१ मे २०३१ची. कंकणाचा पट्टा केरळ-तमिळनाडूवरून भर दुपारी जाईल, म्हणजे पुन्हा याच वाटेला आडवा. मे महिन्यात साखर कारखान्यांची धुराडी थंड असतात, पण उसाच्या मोटारी चालूच राहतात. शिवाय वळवाचे दिवस. शेकडो किलोमीटर दूर कडाडलेली वीजही या यंत्राला ऐकू येते. त्यामुळे एक चौकट भिगवणला आणि दुसरी बारामतीच्या बाजूला लावलेली बरी: एकाच नोंदीत दिसलेला खड्डा जवळच्या मोटारीचा, दोन्हींत दिसलेला वाटेवरचा.