पहिला अल्बम, वय वर्षं ६२

आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर स्वतःची गाणी लिहितात. परवा म्हणाले, "या वयात रेकॉर्डिंग जमेल का रे?" मी त्यांना चार्ल्स ब्रॅडली ऐकवला.

हा अमेरिकन सोल गायक. अनेक वर्षं स्वयंपाकी म्हणून राबला. क्लबांत जेम्स ब्राउनची नक्कल करायचा. २०११ मध्ये 'नो टाइम फॉर ड्रीमिंग' हा पहिला अल्बम आला, तेव्हा तो ६२ वर्षांचा होता!

गिटारवादक थॉमस ब्रेनेकला तो आपलं आयुष्य सांगायचा आणि त्यातून गाणी घडायची. भावाच्या खुनाचं दुःखही त्यात आलं.

आता घरच्या रेकॉर्डिंगबद्दल.

🎙️ कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यासमोर गा. खोली घुमत नाही. पंखा बंद!

🎙️ माइक तोंडापासून वीतभर लांब, जरा तिरका. 'प', 'फ' फुटत नाहीत.

🎙️ २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठी तानही -१० डेसिबलच्या आसपासच राहू द्या. फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

🎙️ वयानुसार वरचे सूर जड जातात. काळी दोन पट्टीत आवाज ओढावा लागत असेल तर खुशाल काळी एक घ्या.

काकांचं पहिलं गाणं आम्ही याच रविवारी करतोय.

माइक, इंटरफेस, सॉफ्टवेअर, काहीही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. बजेटही सांगा, म्हणजे नेमकं सुचवता येईल.