ताबारेस गुरुजींचा उरुग्वे

नुसते फुटबॉलमधले बचावपटूच राहिले असते, तर ओस्कार वॉशिंग्टन ताबारेस हे नाव आज मोंतेविदेओबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. जन्म १९४७ चा. सुद अमेरिका, वाँडरर्स, फेनिक्स असे तिथलेच मधल्या फळीतले क्लब, काही काळ मेक्सिकोतला पुएब्ला आणि शेवटी बेया व्हिस्ता. १९७९ मध्ये त्यांनी खेळणं थांबवलं. पोटापाण्यासाठी त्यांच्या हाती आणखी एक काम होतं, ते प्राथमिक शिक्षकाचं. म्हणून सगळा देश त्यांना ‘एल माएस्त्रो’ म्हणजे गुरुजी म्हणतो. उरुग्वेत या नावाला वजन आहे. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा तिथे १८७७ सालीच झाला. पांढरा डगला आणि गळ्याशी निळा बो हा सरकारी शाळेचा वेश तिथल्या मुलांच्या अंगावर आजही दिसतो.

प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव झालं ते १९८७ मध्ये. त्यांचा पेन्यारोल संघ कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत कोलंबियाच्या अमेरिका दे कालीसमोर उभा होता. दोन सामन्यांत दोघांनी एकेक जिंकला, म्हणून तिसरा सामना चिलीत सान्तियागोला झाला. तिथे बरोबरी झाली असती तर गोलफरकावर चषक कालीला मिळणार होता. जादा वेळही संपत आला आणि १२० व्या मिनिटाला दिएगो अगिर्रेने गोल केला.

पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. त्या संघाची तेव्हा फार बदनामी झाली होती. १९८६ च्या विश्वचषकात स्कॉटलंडविरुद्ध उरुग्वेच्या होसे बातिस्ताला पहिलं मिनिट संपायच्या आत लाल कार्ड मिळालं होतं. धसमुसळेपणालाच जिद्द समजणाऱ्या या संघाला ताबारेसनी पुन्हा चेंडूकडे वळवलं. १९९० च्या विश्वचषकात संघ दुसऱ्या फेरीत यजमान इटलीकडून ०-२ हरला आणि गुरुजींनी पद सोडलं. नंतर बोका ज्युनियर्सला त्यांनी १९९२ चं आपेर्तुरा विजेतेपद मिळवून दिलं. इटलीत कालियारीतही काम केलं. १९९६ मध्ये मिलानने मात्र त्यांना काही महिन्यांतच काढलं.

खरी गोष्ट २००६ नंतरची. आदल्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाने पेनल्टींवर हरवल्यामुळे उरुग्वेचा विश्वचषक हुकला होता. दोन विश्वचषक जिंकलेला, जेमतेम पस्तीस लाख वस्तीचा हा देश गेल्या तीन स्पर्धांपैकी एकदाच पात्र ठरला होता. ताबारेस परत आले ते लेखी आराखडा घेऊन. कुमार संघांपासून मुख्य संघापर्यंत सगळ्यांची तयारी एकाच विचाराने व्हावी, विमानतळाजवळच्या सेलेस्ते संकुलात सगळ्यांनी एकत्र सराव करावा, कोवळ्या वयात युरोपात विकल्या जाणाऱ्या मुलांची देशाच्या संघाशी नाळ तुटू नये आणि त्यांनी शिक्षणही सोडू नये, असा तो आराखडा. प्रशिक्षकाच्या नेमणुकीइतकंच महत्त्व ते या कागदाला देत. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. चांगले संघ बांधणारे पुष्कळ असतात. आपण गेल्यावरही चालेल अशी घडी बसवणारे फार थोडे.

फळ लगेच मिळालं नाही. २०१० च्या विश्वचषकासाठी कोस्टा रिकाविरुद्ध प्ले-ऑफ खेळावा लागला. मग दक्षिण आफ्रिकेत घानाविरुद्धची ती उपांत्यपूर्व लढत आली. शेवटच्या क्षणी लुइस सुआरेसने गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला, असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली आणि शूटआउटमध्ये सेबास्तियान आब्रेउने शेवटची पेनल्टी गोलच्या मधोमध अलगद उचलून मारली. उरुग्वे चौथा आला. दिएगो फोरलान स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हाच फोरलान २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळला आणि अंधेरीच्या मैदानावर केरळविरुद्ध त्याने तीन गोल केले. ते पाहणाऱ्या मुंबईकरांनी ताबारेसच्या संघातला सर्वांत देखणा फुटबॉल डोळ्यांनी पाहिला, असं म्हणायला हरकत नाही.

२०११ मध्ये अर्जेंटिनाच्या भूमीवर पराग्वेला ३-० हरवून उरुग्वेने पंधराव्यांदा कोपा अमेरिका जिंकली.

२०१४ च्या विश्वचषकात सुआरेस इटलीच्या किएलिनीला चावला आणि फिफाने त्याच्यावर जबर बंदी घातली. ताबारेस त्याच्या पाठीशी राहिले, इतके की निषेध म्हणून फिफातली आपली पदं त्यांनी सोडली. इथे मला ते पटत नाहीत. शिक्षा जादा कठोर आहे, हे म्हणणं योग्य होतं. पण पोराचं चुकलं, हेही त्याच दमात आणि तितक्याच ठासून सांगायला हवं होतं. शाळेत वर्षं काढलेल्या माणसाकडून ती अपेक्षा ठेवणं गैर नाही.

पुढे मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचं चालणं अवघड झालं. २०१८ च्या विश्वचषकात रशियात ते कुबडीच्या आधाराने मैदानात येत. इजिप्तविरुद्ध उरुग्वेच्या हिमेनेसने ८९ व्या मिनिटाला हेडर मारला, तेव्हा सत्तरी ओलांडलेले गुरुजी उभं राहून आनंदाने हात उंचावत होते. त्या संघाने गटातले तिन्ही सामने जिंकले, पोर्तुगालला २-१ घरी पाठवलं आणि पुढे विजेत्या ठरलेल्या फ्रान्सकडून तो हरला.

२०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत चार पराभव लागोपाठ झाले. शेवटचा ला पासमध्ये, बोलिव्हियाकडून ०-३. त्याच आठवड्यात उरुग्वेच्या फुटबॉल संघटनेने त्यांना काढलं. उरलेले चारही पात्रता सामने नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली जिंकले गेले, त्यामुळे खेळाच्या हिशेबात निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. पण सलग पंधरा वर्षांहून अधिक, आणि आधीचा काळ धरून दोनशेहून जास्त सामने ज्यांनी संघ सांभाळला, त्यांना ती मोहीम पुरी करून सन्मानाने निरोप द्यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

त्यांच्या काळात उरुग्वेचे कुमार संघ दोनदा विश्वस्पर्धेची अंतिम फेरी गाठून हरले: २०११ मध्ये १७ वर्षांखालील, २०१३ मध्ये २० वर्षांखालील. जून २०२३ मध्ये, ताबारेस पदावर नसताना, अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात इटलीला १-० हरवून उरुग्वेने २० वर्षांखालील विश्वचषक प्रथमच जिंकला.