पनवेलचा मतदारसंघ दुभंगला तेव्हा…

आजच्या पनवेलकराला उरणचा आमदार वेगळा असणं स्वाभाविक वाटतं. पण 2009 आधी उरण तालुका पनवेल मतदारसंघातच होता! पनवेलचे आमदार दि. बा. पाटील आणि विवेक पाटील दोघेही उरण तालुक्यातल्या जासईचे, दोघेही शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे. लाल बावट्याचा हा हक्काचा गड.

मग न्या. कुलदीप सिंग परिसीमन आयोगाने 2001 च्या जनगणनेवर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या. रायगडच्या विधानसभेच्या जागा 7 च्या 7 राहिल्या, पण खालापूर आणि माणगाव हे मतदारसंघ नकाशावरून गेले, कर्जत आणि उरण आले. पनवेल तालुक्याचा काही भागही उरणला जोडला गेला. खाडीकाठची, प्रकल्पग्रस्तांची गावं बरीचशी तिकडे. खारघर, कळंबोली, कामोठ्यासारखे सिडकोचे नोड इकडे.

13 ऑक्टोबर 2009 ला मतदान झालं. विवेक पाटील उरणमधून लढले आणि निवडून आले. पनवेलमध्ये मात्र शेकापच्या बाळाराम पाटलांना हरवून प्रशांत ठाकूर आमदार झाले. तेव्हा ते काँग्रेसचे. 2014 पासून भाजपचे, आणि आमदारकी अजून त्यांच्याकडेच. निकाल फक्त नकाशाने फिरवला असं मी म्हणणार नाही. ठाकूर घराण्याने शेकाप सोडला होता, हेही कारण तितकंच मोठं.

लोकसभेची गंमत तर औरच: पनवेल मावळला जोडलं गेलं. म्हणजे बोरघाटाच्या खाली आणि वर, पार चिंचवडपर्यंत, एकच खासदार!

2024 पर्यंत पनवेलचे मतदार 6 लाखांपुढे गेले. सीमा मात्र अजून त्याच.