माजलगांवचें जात्यावरचें गाणें

जें गाणें बाजारांत खपलें नाहीं तें सामान्यच असलें पाहिजे, असें धरून चालण्याची आपणां सर्वांना संवय जडली आहे. ही समजूत किती फसवी असते ह्याचें एक उदाहरण इंग्लंडांतलें आहे. तेथील 'किंक्स' नांवाच्या गायक-वादकांच्या मंडळीनें २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं पंधरा गीतांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. गांवांतली हिरवळ जपणारी सभा, असें कांहींसें त्याचें लांबलचक नांव. रे डेव्हिस ह्या कविगायकानें त्यांत जुन्या छायाचित्रांची वही, वाफेची शेवटची आगगाडी असे मागें पडत चाललेल्या जगाचे विषय घेतले होते. नेमक्या त्याच दिवशीं जगप्रसिद्ध 'बीटल्स'ची जोडतबकडी बाजारांत आली. किंक्सच्या संग्रहाला खपाच्या यादींत जागासुद्धां मिळाली नाहीं. पुढें मात्र जाणकार त्याला त्या मंडळीच्या उत्तम कृतींत गणूं लागले.

ही हकीकत वाचतांना मन सहजच आपल्या बीड जिल्ह्याकडे वळतें. गांवाचें जुनें गाणें जपण्याचा असाच एक उद्योग माजलगांवीं झाला. आणि तोही सुशिक्षितांच्या घरांत फारसा कोणाच्या कानीं गेला नाहीं.

जातें आतां बहुतेक घरांतून गेलें. पहाटे उठून दोघी जावांनी समोरासमोर बसावें, एकीनें खुंटा धरावा, दुसरीनें मूठ मूठ वैरण घालावी आणि पाळीच्या घरघरीवर ओवी चढत जावी, हें दृश्य पिठाच्या गिरणीनें पुसून टाकलें. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, ही गोष्ट चांगलीच झाली. तिच्याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार न दळणाऱ्यांना नाहीं. परंतु श्रमाबरोबर गाणेंही गेलें. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाचें कौतुक, मनांतलें दुखणें, सारें बोलण्याची मुभा बाईला ज्या एका ठिकाणीं होती, तेंच ठिकाण उरलें नाहीं.

हें धन नाहींसें होण्यापूर्वीं वेंचून ठेवावें म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सांतून येऊन येथें स्थायिक झालेले गी प्वातवाँ ह्यांनीं खेडींपाडीं पालथीं घातलीं. एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लिहून घेतल्या. पुढें संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल ह्यांच्या साह्यानें ध्वनिमुद्रणही झालें. प्रत्येक ओवीबरोबर गाणारणीचें नांव व गांव नोंदण्याचा त्यांचा दंडक विशेष मोलाचा होय. लोकगीत म्हटलें कीं त्याला कर्ता नसतो असें आपण म्हणतों, आणि बाईचें नांव विचारावयासच विसरतों.

१९९६ सालीं ही मंडळी माजलगांवच्या भीमनगर वस्तींत पोंचली. तेथें दलित स्त्रियांनीं त्यांना जें गाऊन दाखविलें, त्यानें हा संग्रह समृद्ध झाला. राधाबाई बोऱ्हाडे ह्या त्यांपैकीं एक. त्यांच्या ओव्यांत भीमराव आहेत, रमाबाई आहेत, भगवान बुद्ध आहेत. जात्यावर भावाला ज्या मायेनें आळवावें, त्याच मायेनें ह्या बाया बाबासाहेबांना घरचा माणूस करून घेतात. १९५६ च्या धर्मांतराचा इतिहास आपण पुस्तकांतून वाचतों. तो बाईच्या ओठीं कसा रुजला हें येथें ऐकूं येतें. छंद जुना, सूर जुना; आशय मात्र अगदीं नवा.

आतां आपल्याकडे वळूं. ह्याच जिल्ह्यांतल्या अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि आहे; दासोपंतही तेथलेच. ओवी म्हटली कीं आपणांस हे ग्रंथकार आणि देवघरांतली ज्ञानेश्वरी आठवते. परंतु बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथांत सोमेश्वर राजानें नोंद केली आहे, ती कांडतांना ओवी गाणाऱ्या महाराष्ट्रांतल्या स्त्रियांची. म्हणजे उखळ-जात्याची ओवी ही ग्रंथांतल्या ओवीची मोलकरीण नव्हे. मानानें पाहिलें तर ती थोरलीच. एका बहिणीला आपण मखरांत बसविलें आणि दुसरीला वेशीबाहेर ठेविलें. हा दोष ओवीचा नाहीं, ऐकणारांचा आहे.

प्वातवाँ २००४ सालीं निवर्तले. त्यांनीं जमविलेलें धन 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेनें अलीकडच्या काळांत भाषांतरांसह सर्वांस खुलें केलें आहे. ऐकावयास दाम पडत नाहीं. एखाद्या संध्याकाळीं घरांतल्या लहानथोरांनीं एकत्र बसून माजलगांवच्या ओव्या ऐकाव्या. आजी अथवा आत्याबाई हयात असतील तर त्यांनाही एखादी आठवेल. ती लिहून घ्यावी आणि खालीं त्यांचें नांव घालावें.

इंग्लंडांतल्या संग्रहाला उशिरा कां होईना, कान मिळाले. माजलगांवच्या गाणारणींना ते आपल्याच शेजारघरांतून मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.